कुंकू लावलेली गोळी

"ही गोळी आता जमा करा, हवालदार," शस्त्रागारातल्या भोईटेबाई म्हणाल्या आणि धुमाळ हवालदारांचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्यांची मिशीच मागितली.

धुमाळ हे एका आमदारांचे अंगरक्षक. रोज सकाळी पिस्तुलाचं तोंड वाळूच्या बादलीकडे करून ते गोळी नळीत चढवायचे, संध्याकाळी काढून मॅगझिनमध्ये परत सगळ्यात वर ठेवायचे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. खंडेनवमीच्या पूजेत बायकोनं हिलाच कुंकू लावलं होतं ना, मग दुसरी घालायची कशाला?

भोईटेबाईंनी शेजारी नवी गोळी उभी केली. जुनी चक्क बुटकी दिसत होती.

"रोज आपटून आपटून हिचं डोकं आत दबलंय. आता झाडलीत तर आत दाब वाढून पिस्तूल तुमच्याच हातात फुटायचं. यापुढे काढलेली गोळी तळाला घाला आणि दुसरीला वर येऊ द्या."

धुमाळांनी गोळी दिली खरी, पण बायकोला काय सांगायचं? तिला अपशकुन वाटला तर? घरी जेवताना त्यांनी चाचरत एकदाचं सगळं सांगून टाकलं.

शालिनीबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि वळून बघितलं.

"म्हणजे रोज सकाळी त्या एकटीलाच जुंपत होता?"

"चुकलंच गं."

"माझंही लग्नापासून तेच चाललंय. उद्या डबा तुम्ही करा, मी उठणार नाही."

धुमाळांना वाटलं, त्यापेक्षा पिस्तूल फुटलेलं परवडलं असतं.