गेल्या चौदा दिवसांत

मावशीला शिंक आली, आणि भाचीच्या हातातलं पेन ‘नाही’च्या चौकोनावरच थांबलं.

“धूळ,” भाची घाईघाईने म्हणाली. “सकाळी माळ्यावरून बॅग काढलीस ना, तिची.”

“आजची तिसरी आहे. काल संध्याकाळी दोन आल्या, तेव्हा तू नव्हतीस.” मावशी उठली, कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन आली आणि पुन्हा टेबलाशी बसली. “वाच पाहू तो प्रश्न परत.”

वाचण्यासारखं काय होतं? मावशीच्या फॉर्मवरचा शेवटचाच प्रश्न: गेल्या चौदा दिवसांत सर्दी, खोकला, ताप. होय की नाही.

दोघींच्या प्रवासाची बाकी सगळी तयारी टेबलावर मांडलेली होती. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, हिवतापाच्या गोळ्या, दुर्बीण. खुर्चीखाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. ते घालून मावशी दोन महिने रोज चार मजले चढत-उतरत होती आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये स्वतःचं हसं करून घेत होती. आफ्रिकेच्या मध्यावरच्या त्या देशात घनदाट जंगल, आणि त्या जंगलात माणसांना सरावलेलं गोरिलांचं एक कुटुंब. रोज चौघांनाच जवळ नेतात, तेही तासभर. माणसाची साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतते, म्हणून हा फॉर्म. आणि यंदा त्या कुटुंबात पिल्लू झालं होतं. ही बातमी आल्यापासून मावशीचे पाय जमिनीवर नव्हते. एकतीस वर्षं ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर होती.

“पाच दिवस आहेत अजून,” भाची म्हणाली. “वाफ घे, झोप काढ. विमानात बसेपर्यंत नाक ठणठणीत होईल. आणि तिकडे कोणाला कळणार आहे?”

“मला.”

या बाईपुढे डोकं आपटून उपयोग नाही, हे भाचीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. वॉर्डाच्या दारातून मावशीने शिंकणारे आजी-आजोबा परत पाठवले होते. नाक ओढत आलेला मोठा सर्जनही तिने भीडभाड न ठेवता परत पाठवला होता, आणि तो हू की चू न करता गेला होता. सोळा वर्षांपूर्वी बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली स्वतःची भाची सर्दी घेऊन दाराशी आली, तेव्हा तिलाही मावशीने बाहेरच ठेवलं. तब्बल नऊ दिवस. “काचेतून बघ,” एवढंच म्हणाली. त्या नऊ दिवसांत भाचीने तिला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती. आज तेच बाळ दारातून जाताना चौकटीला डोकं आपटून घेतं.

“होय लिही,” मावशी म्हणाली.

पेन हलेना. शेवटी मावशीने ते काढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने ‘होय’च्या चौकोनात खूण केली. तापाच्या तक्त्यावर करायची तशीच ठळक.

“म्हणजे आता जायचंच नाही?”

“न जायला काय झालं? तू जा त्यांच्याजवळ. मी मचाणावर बसेन.” तिने फॉर्म उलटला आणि मागच्या ओळींवर बोट ठेवलं. ज्यांना जवळ जाता येणार नाही, त्यांच्यासाठी जंगलातल्या मोकळ्या गवताच्या कडेला लाकडी मचाण होतं. प्राणी आलेच, तर तिथून लांबून दिसत.

“आलेच तर! आणि आले तरी काय दिसणार तिथून? तिळाएवढं पिल्लू.”

“तुला काचेतून किती दिसायचं?”

“मूठ,” भाची म्हणाली. “एक मूठ दिसायची. एकदा उघडली होती.”

“अजून आठवते ना? मग झालं तर.”

भाचीला आणखीही काही आठवत होतं. ड्यूटी संपली की मावशी थेट घरी जात नसे. तिला आत, बाळाजवळ थांबता आलं असतं, पण ती काचेच्या बाहेरच्या बाजूला यायची आणि भाचीशेजारी उभी राहायची. पाय सुजलेले असायचे, तरी तासभर उभी. बोलायची काहीच नाही. भाची रागाने तिच्याकडे बघतसुद्धा नसे. असं माणूस आपल्याला मावशी म्हणून मिळालं, हे तिने सोळा वर्षांत एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं.

मावशीचा अर्धा चहा टेबलावर निवत पडला होता. भाचीने तो कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“अगं ए! उष्टा आहे तो माझा!” वॉर्डातला तो जुना आवाज खोलीभर घुमला. “अक्कल आहे का? तुलाही होईल ना सर्दी!”

“होणारच,” भाचीने ओठ पुसले आणि स्वतःचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. “मचाणावर दोघी मावतात का, तेवढं विचार त्यांना.”