सण संपला, आता जा

विभा विद्यापीठात प्राचीन ग्रीकांच्या सणांवर संशोधन करते. त्यांच्या वसंतातल्या फुलांच्या सणाला मेलेली माणसं घरी येतात, आणि तिसऱ्या संध्याकाळी घरच्यांनी त्यांना मोठ्यानं सांगायचं असतं, "सण संपला, आता जा."

सिंगापूरला कुठला आलाय वसंत! तरी नवरा अपघातात गेल्यानंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत तिनं बुकित बातोकच्या फ्लॅटचं दार तीन दिवस सताड उघडं ठेवलं. ग्रीकांसारखी सगळी धान्यं एकत्र शिजवून पातेलं उंबऱ्याशी मांडलं. लिफ्ट वाजली की ती उठून उभी राहायची.

सासूबाईंनी सगळं मुकाट्यानं सोसलं. तिसऱ्या दिवशी अंधारून आल्यावर मात्र त्यांना रडू फुटलं. "माझाही मुलगा होता गं सारंग. बास झालं आता. काय ते म्हणायचं असतं ते म्हण आणि दार लाव."

"नाही म्हणवत, आई."

"अगं, एवढासा तर शब्द आहे!"

 

"त्या सकाळी 'येतो गं' म्हणून तो याच दारात थांबला होता. मी रागात म्हटलं, 'जा.'"