आवळलेली मूठ

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाआधी ओढणी कमरेला खोचायला मी विसरले आणि मशीनच्या पट्ट्यानं टोक ओढलं. सोबतच्या कौसल्यामावशीनं माझ्या गळ्याजवळ ओढणी मुठीत आवळून मशीन थांबेपर्यंत धरून ठेवली. मी वाचले. मावशीची ती मूठ मात्र वर्षभर झोपेतही आवळलेली राहिली, खांदा ठणकत राहिला. एक्स-रेत काही निघेना. शेवटी यवतमाळला समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला लावले. “बोटं आत्ता काय करताहेत?” मावशी घामाघूम झाली. “धरून राह्यली.” “सैल सोडून बघा.” “सोडली तं पोरगी मरन!” मला राहवलं नाही. तिची मूठ उचलून मी माझ्या गळ्यावरच्या ओढणीच्या वणावर टेकवली. “मावशे, मी जित्ती आहो न.” एकेक करत बोटं उघडली, खांदा खाली आला. मिटल्या डोळ्यांनीच ती शांत खोलीत जिनिंगमधल्यासारखी ओरडली, “मशीन बंद झाली काय वं?”