हिरवी चिंधी
टक्कन इराच्या डब्याचं झाकण उघडलं आणि विमानतळावर सामानाच्या बंद पट्ट्याभोवती गप्प उभी माणसं वळून बघायला लागली. इरा, तिचा बाबा आणि मी नणंदेच्या लग्नाहून एकाच विमानाने परतलो होतो. घटस्फोटाला चार महिने झालेत, पण इराला अजून सांगितलेलं नाही. बाबा कामासाठी दुसऱ्या शहरात राहतो, आपण अंबरनाथला, एवढंच तिला ठाऊक. पट्टा फिरू लागला. आमच्या दोन्ही बॅगांना ओळखीसाठी माझ्याच हिरव्या साडीची चिंधी बांधलेली. “आपली आली,” म्हणत इरा धावली. मी टॅग वाचला. “ही आपली नाही, बाळा. दुसऱ्याची उचलू नये.” ती बाबाने उचलली. मागून आलेली माझीही त्यानेच उतरवली आणि दांडा माझ्याकडे केला. “थँक्यू,” मी म्हणाले. इरा बघतच राहिली. “आई, थँक्यू तर अनोळखी काकांना म्हणतात ना? बाबाला का म्हणालीस?”