काकांनी बुडवलेली यानं

"मेलात काका," संपदा म्हणाली. "सगळेच्या सगळे. तिथे हवाच नव्हती."

"नव्हती?" श्रीहरीकाकांनी चेहरा जमेल तितका पाडला. "मला वाटलं वाऱ्याचा आवाज येतोय."

"ते तुमच्या यानाचं इंजिन होतं."

"अय्यो. म्हणजे हेही गेलं." काकांनी चाचपून कॉफीचा पेला उचलला. "तुझा खेळ भारी कठीण बाई."

खेळ मुळीच कठीण नव्हता. काका लबाड होते. जन्मापासून दिसत नसलेला हा माणूस, सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढलेला. नुसत्या 'हॅलो'वरून साहेबांचं घरी वाजलंय का ते सांगायचा. त्याला म्हणे वारा आणि इंजिन कळत नाही.

संपदा ही त्यांची पुतणी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत खेळ बनवायची. हा खेळ अंध मुलांच्या शाळेसाठी होता. त्यात चित्रं नाहीत, सगळं कानावर. यान एकेका ग्रहाभोवती फिरायचं. आपण विचारायचं, पाणी आहे का, हवा कशी, ऊन किती. राहण्याजोगा वाटला की 'उतरा' म्हणायचं. चुकलात की यानातली माणसं गेली. खेळ कन्नड बोलायचा, काका-पुतणी मराठीतून भांडायची.

"तुम्ही जिंकल्याशिवाय मी हा शाळेला देणार नाही," संपदानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "तुम्हाला जमला तर मुलांना जमेल."

तिथेच घोटाळा झाला. जिंकलं की काम संपणार, आणि काम संपलं की ही पोरगी चामराजपेटेतल्या या घरी कशाला फिरकतेय? 'सहज भेटायला ये' हे शब्द काकांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मागे थोरला पुतण्या जयतीर्थ 'सहज, कसे आहात बघायला' म्हणून आला, तर काकांनी त्याला दारातच विचारलं, "मी काय लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन आहे?" तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून घरात माणूस म्हणजे स्वयंपाकाची गंगव्वा, आणि ती बोलायची ती फोडणीशी.

म्हणून काका हरत राहिले. दर रविवारी संपदा सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीतून नवा ग्रह घेऊन यायची आणि काका तिथे यान बुडवायचे. ती कधी चिडायची नाही. "असू दे, पुढच्या वेळी आणखी एक आणते," म्हणायची. एवढा सोशिकपणा आपल्या घराण्यात आला कुठून, हे काकांना कळेना.

"शाळेतली मुलं वाट बघत असतील ना गं?" आज त्यांनी विचारलं.

"बघू देत की. घाई काय आहे?"

ती सहज बोलून गेली, पण काकांना आपलं लहानपण आठवलं. तेही अशाच शाळेत शिकले होते. तिथे ठिपके टोचलेल्या पत्त्यांचा एकच जोड होता, त्यातही राजे हरवलेले. आपली पाळी यायची वाट बघताबघता संध्याकाळ व्हायची. आणि आज आपण, या वयात, आपल्या दोन घटकांच्या गप्पांसाठी पोरांचा खेळ अडवून बसलोय. काकांना स्वतःची लाज वाटली.

"लाव, आणखी एक लाव," ते म्हणाले.

नवा ग्रह विचित्र होता. त्याचं एकच तोंड कायम सूर्याकडे. तिकडे सगळं भाजून निघालेलं, पलीकडे कायमचा अंधार.

"अंधारात उतरू," काका सवयीनं म्हणाले. "अंधाराचं मला काय?"

संपदा हसली. "अंधार म्हणजे थंडी हो काका. पाण्याचा दगड होतो तिथे. उतरायचं का मग?"

यान बुडवायला याहून सोपी जागा नव्हती. पण काकांनी खेळाला विचारलं, "ऊन संपून अंधार लागतो, त्या मधल्या पट्ट्यात पाणी आहे का?"

पाणी खळाळल्याचा आवाज आला.

"हवा?"

खेळानं सांगितलं, श्वास घेण्यासारखी आहे.

"उतरा."

यान उतरलं. आतली माणसं टाळ्या वाजवू लागली. संपदाची टाळी मात्र त्यात नव्हती.

"जिंकलात की," ती म्हणाली. आवाज बारीक होता. ट्रॅफिकनं दमली असेल बिचारी, काकांना वाटलं.

"आता उद्याच देऊन टाक शाळेला. सरी?"

"सरी, देते," ती म्हणाली, आणि कॉफी अर्धी टाकून गेली.

काकांना फार वाईट वाटलं. एरवी ती जेवून, गंगव्वाची थट्टा करून जायची. आज जिना उतरतानाही तिनं हाक मारली नाही. पण केलं ते बरोबरच, असं ते स्वतःला सांगत राहिले. तरी मन थाऱ्यावर येईना. माफी तरी मागून टाकावी म्हणून संध्याकाळी त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला. महानंदा मॅडम बेळगावकडच्या, त्यामुळे मनातलं मराठीत बोलता आलं.

"मॅडम, खेळाला एवढा उशीर झाला तो माझ्यामुळे. मुद्दाम हरत होतो मी. पोरीचा दोष नाही. उद्या ती घेऊन येईल."

"कुठला खेळ म्हणताय?"

"ग्रहांचा. आमच्या संपदाचा."

"तो गणपतीपासून चालू आहे की इथं," महानंदा मॅडम म्हणाल्या. "पोरांनी कधीच संपवला. आता तर दर आठवड्याला पोरंच संपदाला नवे ग्रह रचून देतात. मघाशीच फोन होता तिचा, स्वल्प रडवेली वाटली. म्हणाली, मॅडम, पोरांना सांगा, रविवारच्या आत एक असा ग्रह हवाय, की माझ्या काकांना काही केल्या उतरता येणार नाही."