बाद्रीच्या नावाची बिअर

दारेजानने बाद्रीसमोर बिअरचा पेला आणून ठेवला आणि टेबलावरची बडबड थांबली.

आमच्या कुताइसी शहरात ज्याचं भलं चिंतायचं त्याच्या नावाने वाइन पितात. बिअर उचलतात ती वैऱ्याच्या नावाने. एरवी ही थट्टाच असते. मित्र मित्राला चिडवतो, चार शिव्या खातो, आणि पुढचा पेला वाइनचाच भरतो. त्या दुपारी मात्र कुणी हसलं नाही.

“माझ्या मामेभावाच्या नावाने,” दारेजान म्हणाली. “ज्याने घर दाखवलं त्याच्या नावाने.”

“दारो, मी नाही गं,” बाद्री म्हणाला.

टेबलाच्या टोकाला मझिया बसली होती. तिच्या मांडीवर लेकीची लाल लोकरीची टोपी होती. तिने मान वर केली नाही.

नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बायकांना दारेजानची संस्था गावाबाहेरच्या एका घरात लपवत असे. पैसा एका परदेशी दूतावासाचा. वसंतात आमच्या सरकारने हाकाटी केली, की असल्या संस्था म्हणजे परक्यांचे हेर. त्यांचा राजदूत चिडला, आमचा परत आला, दोन्हीकडचे मंत्री एकमेकांची उणीदुणी काढू लागले. संस्थेचं खातं गोठवलं गेलं. दारेजान त्याला भ्याली नाही. तिला काळजी होती ती त्या घराची. त्याचा पत्ता तिने कुठेही लिहिला नव्हता.

आणि गेल्या आठवड्यात टीव्हीवाले सरकारी कॅमेरे घेऊन थेट त्याच दारात उभे राहिले. त्यांच्यामागून मझियाचा नवरा आला. त्याने छोट्या ताकोला उचलून गाडीत घातलं आणि गेला. तेव्हापासून मझियाने लेकीचा आवाजही ऐकलेला नाही.

घर ठाऊक असलेली माणसं ती कितीशी! दारेजान स्वतः. ओतियाकाका, कारण घर त्यांचं. स्वयंपाकीण नुनू. आणि गाडी चालवणारा बाद्री. दारेजानने आठवडाभर हेच घोकलं होतं.

“आदल्या दिवशी त्या पोलिसाबरोबर काय करत होतास?”

“तो माझ्या पोराचा धर्मबाप आहे. त्याच्याबरोबर कॉफी प्यायची नाही?”

“मांजर डोळे मिटून दूध पितं,” नुनू पुटपुटली, “आणि म्हणतं, कुणी पाहिलंच नाही.”

बाद्रीने काकांकडे पाहिलं. ओतियाकाका टेबलाचे मुख्य; त्यांनी शब्द टाकला असता तर दारेजानने ऐकलं असतं. काका ताटातल्या वांग्याकडे बघत राहिले. लहानपणी दोघांना त्यांनीच एका मांडीवर खेळवलं होतं.

बाद्रीने खिशातून गाडीची किल्ली काढून खाचापुरीच्या, चीज भरलेल्या रोटीच्या, ताटाशेजारी ठेवली. पेल्याला हात लावला नाही. कोट घातला आणि गेला. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ वाजत होती.

“चला, खा रे,” काका म्हणाले. “पाहुणा उपाशी बसलाय.”

पाहुणा म्हणजे माथियास, दूतावासाचा माणूस. काकांच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी बसलेला. इथे राहून आमची भाषा त्याला इतकी यायला लागली होती की बाजारात बायकांशी घासाघीस करून वर त्यांच्याकडून कोथिंबीर फुकट घेई. पहिल्यांदा आला तो फक्त संस्थेची कचेरी बघायला. पण पाहुणा जेवल्याशिवाय कसा जाईल? नुनूची चूल त्या घरात, म्हणून त्यालाही तिकडेच नेलं आणि अंधार पडेपर्यंत उठू दिलं नाही. ताको त्याच्या मांडीवर बसून त्याचे उच्चार सुधारत होती. लाल टोपी त्यानेच पाठवली होती, नाताळात.

काकांनी त्याचा पेला भरला. “आजचं वर्तमानपत्र पाहिलं. तुमचा राजदूत आमच्या मंत्र्याशी हात मिळवून हसतोय. भांडण मिटलं, खातं उघडलं. सहा महिने जमलं नाही ते आठवड्यात कसं जमवलंत, बाबा?”

“दोन्हीकडून थोडं थोडं द्यावं लागतं,” माथियास म्हणाला. तो बोटांनी पावाचा तुकडा मळत होता.

“काही का होईना, केलंत!”

“खातं उघडलं, पण ताको?” नुनूने डोळे पुसले. माथियासने पाव खाली ठेवला.

दारेजान त्याच्याकडे वळली. रागाने तिचा चेहरा अजून लाल होता, पण आवाज मऊ झाला होता. “माथियास, एक मागते. बाकीच्या बायकांना उद्या नव्या घरी हलवायचंय. आता बाद्री नाही. आणि तुझ्या गाडीला पोलीस अडवत नाहीत. नेशील ना?”

माथियासने मान खाली घातली. दारेजानला ते होकारासारखंच वाटलं. ती पेला घेऊन उभी राहिली, तसे सगळे उभे राहिले. मझियाही उठली, टोपी छातीशी धरून.

“रक्ताचा होता तो उलटला,” दारेजान म्हणाली. “आणि ज्याचं आमच्याशी काही नातं नाही, तो इथे बसलाय. आजपासून माझा भाऊ हा. माथियासच्या नावाने! ऐक, ते नवं घर कुठे आहे सांगते. नदी ओलांडली की...”

“नको सांगूस,” माथियास म्हणाला.

त्याने दारेजानच्या हातातली वाइन काढून घेतली आणि बाद्रीच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली. मग तिथला, फेस बसलेला बिअरचा पेला उचलून तिच्या हातात दिला.

“माझ्या नावाने ही.”