ब्रेक सोडल्यावर

टेबलावर दोन कन्व्हर्टर ठेवले होते, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारे. परातीवर परात उपडी घालून कडा जोडाव्यात तसे, लोखंडी आणि जड. दिसायला दोन्ही सारखेच. मुलाचा हात मात्र उजवीकडच्यावरून हलत नव्हता.

"हा तीन हजार फेऱ्यांचा," तो आईला म्हणाला. "इंजिन मिनिटाला तेवढं फिरून गुरगुरायला लागेपर्यंत हा चाकांना जोर देतच नाही. मग एकदम देतो. गाडी झेपच घेते."

"आणि तो?"

"तो अठराशेचा. कंपनीचा असतो तसाच. म्हाताऱ्यांसाठी."

"म्हणजे माझ्यासाठी," आई म्हणाली.

गॅरेजवाल्या मामांनी हात पुसले. त्यांच्या मागे मुलाची ऑटोमॅटिक गाडी उचलून धरलेली होती, गिअरबॉक्स काढलेला, पोट रिकामं. "राजा, इंजिन तुझं कंपनीचंच आहे. सायलेन्सर बदललास, कार्बोरेटर बदललास. आवाज वाढला. ताकद कुठून येणार?"

"मामा, रविवारी जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. मागच्या वेळी टिल्ल्या अर्ध्यावर पोचला आणि मी अजून निघतोच आहे. सगळे हसत होते." हे सांगतानाही त्याचे कान लाल झाले. "सुरुवात मिळाली तर मी त्याला सोडणार नाही."

"आणि सोमवारी कोण चालवतं?"

"आई."

"म्हणून तर म्हटलं, तिला घेऊन ये."

"त्याला हवा तोच बसवा हो," आई म्हणाली. "गाडी त्याची. मला काय, चार चाकं फिरली की झालं."

मामांनी कोपऱ्यातल्या आपल्या गाडीची किल्ली काढली. "हिच्यात तीन हजारांचाच आहे. ताई, एक चक्कर मारा. मग ठरवू."

आई चालवायला बसली. मुलगा शेजारी बसला, मामा मागे. मुलगा खुशीत होता. आईने इंजिन सुरू केलं, आरसा पाहिला, गिअर टाकला आणि ब्रेक सोडला.

गाडी जागची हलली नाही.

आई वाट पाहत राहिली. घरातून कुणी चपला घालून बाहेर यायचं असावं, तशी शांतपणे.

"आई, निघ ना."

"सोडलाय की ब्रेक."

"अगं, अ‍ॅक्सिलरेटर दे."

"लगेच?"

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "मग एरवी काय करतेस?"

"एरवी ब्रेक सोडला की ती आपली आपण सरकते. तेवढ्यावर मी गल्लीतून बाहेर पडते. वळणंही तशीच घेते. रहदारी नसली तर दवाखान्याच्या दारापर्यंत सुद्धा." ती जरा थांबली. "मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत."

"सगळा रस्ता ब्रेकवर?" मुलगा हसू लागला. "टिल्ल्याला कळलं तर माझं काही खरं नाही."

"बाबांची मान अजून सावरत नाही ना," आई म्हणाली. "जरा गचका बसला तरी डोकं मागे जातं. मग दिवसभर ठणकत असणार. बोलता येत नाही, तर सांगणार कसं?"

मुलगा हसायचा थांबला. मामा खिडकीबाहेर बघू लागले.

आईने पाय दिला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी तिथेच. तिने आणखी थोडा दिला. आवाज आणखी चढला. तिने ओठ घट्ट मिटून आणखी दाबला, आणि गाडी उधळली. मुलाचं डोकं मागे आपटलं. घाबरून आईने ब्रेक मारला, तसं ते पुढे आलं.

"अगं बाई!"

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मुलगा मान चोळत होता. त्यांच्या गाडीत या जागेवर बाबा बसत.

"लागलं का रे?"

"नाही."

"मी शिकेन हं," आई घाईने म्हणाली. "हळूहळू पाय द्यायला शिकेन. पहिल्यांदाच होतं म्हणून. तू हिरमुसू नकोस. रविवारची शर्यत आहे तुझी."

मागून मामा म्हणाले, "मधला मागवता येईल. चोवीसशेचा."

"तो सरकतो का? ब्रेक सोडला की?" मुलाने विचारलं.

"सरकतो. कमी सरकतो."

मुलाने मानेवरचा हात काढला. मग म्हणाला, "अठराशेचाच बसवा."

"आणि रविवार?" मामांनी विचारलं.

"रविवारी शेवटून पहिला येईन. सवय आहे."

मामा मोठ्याने हसले. आई हसली नाही. "माझ्यासाठी नको रे," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "आता चल. थोडा पाय दे. अगदी थोडा."

तिने अगदी थोडा पाय दिला. गाडी कुरकुरत निघाली. पुढच्या चौकातून तिने ती वळवली आणि गॅरेजच्या फाटकाशी आणली. तिथे रस्त्याला उंचवटा होता. तो यायच्या आधीच आईचा एक हात स्टिअरिंगवरून सुटला, मुलाच्या छातीवरून आडवा गेला आणि पलीकडच्या खांद्यावर टेकला. त्याला सीटशी धरून ठेवत. नजर तिची समोरच होती.

पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची.

"झालं हं, झालं," ती हळूच म्हणाली.

मुलगा मान ताठ धरून बसून राहिला.